इव्हानोने परत केलेले अठ्ठावीस

पाव खाताना तो आधी शिंगं मोडून खायचा. आमच्याकडचा पाव चार शिंगांचा असतो. मधला गाभा तो शेजारच्या माणसाला द्यायचा, ओळख असो वा नसो.

दाराला धडकला तर दाराला सॉरी म्हणायचा. इंग्रजीत.

दुकानात कुलपं विकायचा. स्वतःच्या सायकलला कधी कुलूप लावलं नाही.

खिळे मोजून देत नसे. मूठभर द्यायचा, आणि वर दोन.

परीक्षेला टाय घालायचा. तोच, तपकिरी, टोकाशी शाईचा डाग असलेला.

वर्गात दुसऱ्या रांगेत, हीटरजवळ बसायचा. प्रोफेसर आत आल्या की अर्धवट उभा राहायचा. बाकी कुणी उभं राहत नसे, म्हणून तोही पुरता उभा राहत नसे.

कुणी त्याची चूक दाखवली की खूश व्हायचा. मनापासून. कुणी बक्षीस दिल्यासारखा.

आणि आकडा परत करायचा.

ही शेवटची गोष्ट सवयींमध्ये लिहावी की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

इव्हानो तालियाती नोव्हेंबरात गेला. फेरारात गावकुसाजवळ त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. दुकानाच्या जोडीने त्याची एक नोंद विद्यापीठातही होती: इंग्रजी भाषा आणि साहित्य, जुना अभ्यासक्रम, विद्यार्थी. एकोणिसाव्या वर्षी त्याने नाव घातलं होतं. साठीला टेकला तरी ते नाव तिथेच होतं.

आकडा परत करणं म्हणजे काय, हे आमच्या पोरांना सांगावं लागत नाही. परीक्षा तोंडी असते. समोर प्रोफेसर, इकडे तुम्ही, मागे खुर्च्यांवर ज्याला यायचंय तो येऊन बसलेला. प्रश्न संपले की प्रोफेसर एक आकडा बोलतात. तीसपैकी. अठराला पास. पटला तर हो म्हणायचं, सही होते, विषय सुटतो. नाही पटला तर नको म्हणायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा यायचं. नियमात बसतं. त्यात कुणाचा अपमान नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी एकदा-दोनदा केलेलं असतं. मी कधीच केलं नाही.

माझ्या पहिल्याच परीक्षेला तो भेटला. प्रोफेसर बोनाकोर्सी 'बावीस' म्हणाल्या आणि त्यांचं तोंड मिटायच्या आत मी हो म्हणालो. माझ्यानंतर एक टक्कल पडलेला, टाय लावलेला माणूस उठला. मला वाटलं, हा कुणाचा तरी बाप आहे, सोबत आलाय. तो खुर्चीत बसला आणि इंग्रजीत बोलायला लागला. उच्चार आमच्या मैदानी मुलखातले, वाक्यं सरळ. बाईंनी सव्वीस दिले.

"नको," तो म्हणाला. "आभारी आहे."

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी तोच मला म्हणाला, "बावीस?"

"बावीस."

"घेतलेस?"

"हो. तुम्ही का नाही घेतले?"

"तू म्हण. तुम्ही म्हणालास तर मला वाटेल, तुला स्क्रू हवेत."

"सव्वीस चांगले आहेत की."

"चांगलेच आहेत. पण मला त्याहून जास्त येतं."

"मग आज का नाही आलं?"

तो हसला. "हाच प्रश्न माझी बहीण विचारते. ती शिव्या घालून विचारते, एवढाच फरक."

त्याची गोष्ट त्याने मला एकदम अशी कधी सांगितली नाही. गिऱ्हाइकांच्या मधून तुकड्या-तुकड्याने कळली. पहिलं वर्ष त्याने नीट केलं होतं. मग वडिलांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. दुकान एक वर्ष बघतो, असं तो म्हणाला. वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले, खुर्चीत बसून, डाव्या हाताने हिशेब लिहीत. ते गेले तेव्हा इव्हानोला दुकान सोडून दुसरं काही जमेल असं कुणालाच वाटेना. त्यालाही नाही. पण दर शरद ऋतूत तो विद्यापीठाची फी भरायचा. त्याची आई त्याला मूर्खपणावरचा कर म्हणायची.

वर्षाला एखादी परीक्षा. कधी तीही नाही. आणि दिली तरी पहिल्या फेरीत आकडा घेईल तो इव्हानो कसला. सोबतची मुलं शिक्षक झाली, त्यांची मुलं शिकायला आली, त्यातल्या काहींच्या शेजारी तो बसला. पहिल्या वर्षी त्याची तोंडी घेणारी नवी, घाबरलेली असिस्टंट पुढे विभागप्रमुख झाली. त्याच बोनाकोर्सी बाई. इतकी वर्षं समोरासमोर बसून दोघं एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत.

इंग्लंडला तो एकदाच गेला होता. उत्तरेकडचं कुठलंसं बंदराचं गाव. ठरलेल्या दिवसांच्या आधीच परत आला.

"का रे?" मी विचारलं होतं.

"कुणी माझी चूकच दाखवेना. मी चुकीचं बोलायचो आणि ते म्हणायचे, छान, छान. मग शिकायचं कुणाकडून?"

आमच्याकडे पदवी मिळाली की माणूस दोत्तोरे होतो. कुठल्याही विषयाची असो. बँकेत, पोस्टात, कसायाकडे, सगळीकडे दोत्तोरे. इव्हानोची गिऱ्हाइकं त्याला मुद्दाम तसं हाक मारायची.

"दोत्तोरे, दोन इंची खिळे द्या."

"अजून नाही."

"खिळे नाहीत?"

"खिळे आहेत. दोत्तोरे अजून नाही."

हा विनोद त्या दुकानात इतक्यांदा झालाय की त्यात कुणी हसायचं नाही. तो नमस्कारासारखा झाला होता.

मी दुकानाच्या मागच्या खोलीत अभ्यासाला जायला लागलो, कारण तिथे ऊब होती आणि माझ्या खोलीत नव्हती. रंगाचे डबे, दोरखंडाच्या गुंडाळ्या, मधे एक टेबल. त्याला माझ्याकडून एकच काम हवं असायचं. मी बोनाकोर्सी बाई व्हायचं आणि त्याला प्रश्न विचारायचे. मी नाकातून बोलायचो, चष्मा डोक्यावर सरकवायचो.

"तालियाती, सत्तावीस."

"नको."

"तालियाती, एकोणतीस."

"नको."

"तीस. आणि वर शाबासकी."

"आता बाई खोटं बोलतायत. पुन्हा विचार."

एकदा हे चाललं असताना त्याची बहीण निव्हेस जिन्यावरून खाली आली. ती दुकानावरच्या घरात त्याच्यासोबत राहायची. नवरा नव्हता, त्यालाही बायको नव्हती. हातात झारा होता.

"एलिया, तू त्याला नापास कर बघू एकदा," ती मला म्हणाली. "नापास केलंस तर ते त्याला परत करता येणार नाही."

"अठराच्या खाली गेलो तर पुन्हा बसावंच लागतं," इव्हानो म्हणाला. "म्हणजे माझ्यासाठी तेच."

"बघ. तिथेही त्याचं समाधान. वर चला, काप्पेलाच्ची पाण्यातून काढलेत. थंड झाले तर भोपळ्याचं सारण सिमेंट होतं."

तिच्या हातचे काप्पेलाच्ची, भोपळा भरलेला तो पास्ता, मी पोटभर खाल्ले आहेत. जेवताना ती त्याच्याशी बोलायची कमी, त्याच्याबद्दल माझ्याशी जास्त, तो तिथेच बसलेला असताना.

"हा लहानपणी चित्रं काढायचा. सुंदर काढायचा. प्रत्येकाची खालची कड राहिलेली. विचारलं की म्हणायचा, गवत उद्या काढतो."

"गवत अवघड असतं," इव्हानो म्हणाला.

मी वेळेत पदवी घेतली. साधे आकडे, एकही परत न केलेला. डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, नव्या पदवीधराला चिडवायला पोरांनी चौकात म्हटलेलं नेहमीचं अश्लील गाणं, आईचे डोळे. इव्हानो दुकान बंद करून आला होता. त्याने मला एक पक्कड भेट दिली. नवी, लाल मुठीची.

"पदवीधराच्याही घरी नळ गळतो," तो म्हणाला.

मग त्याने माझा मुकुट सरळ केला. त्या वेळी त्याचा चेहरा मी नीट बघितला नाही. फोटो काढणारे ओरडत होते.

आता मी एका शाळेत बदली शिक्षक आहे. पोरं मला दोत्तोरे नाही, सर म्हणतात, आणि माझं ऐकत नाहीत.

माझ्या पदवीच्याच वर्षी विभागाने कळवलं की जुना अभ्यासक्रम बंद होतोय. बोनाकोर्सी बाई निवृत्त होणार. त्यांच्याकडची जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा जानेवारीत. त्यानंतर ज्याचं राहिलं असेल त्याने नव्या अभ्यासक्रमात यायचं, आणि नव्यात त्याच्या जुन्या विषयांपैकी किती धरले जातील, देव जाणे. इव्हानोचा एकच विषय राहिला होता. इंग्रजी साहित्य, तिसरा भाग. तो याआधी त्याने कितीदा दिला आणि कितीदा परत केला, ते मी विचारलं नाही.

त्याने जूनमध्ये बसायचं ठरवलं. निव्हेसने मला दुकानाबाहेर गाठलं.

"तू जाणार ना ऐकायला?"

"जाणार."

"मागच्या खुर्चीवर बसू नकोस. जवळ बस. तो नको म्हणायला लागला की त्याच्या पायावर पाय दे."

"निव्हेस, तिथे तसं चालत नाही."

"मग खोक. काहीही कर. मी तिकडे खानावळीत टेबल सांगितलंय. तिघांचं. निळा ड्रेस इस्त्री केलाय." तिने वळून दुकानाकडे बघितलं. "त्याला सांगू नकोस. टेबलाचं."

जूनमधली सकाळ, आतापासूनच दमट. विभागाच्या खिडक्या बंद, नाहीतर डास येतात. इव्हानो टाय लावून व्हरांड्यात उभा होता. एका पोरीने जाता जाता म्हटलं, "लांडग्याच्या तोंडात!"

"मरो लांडगा," तो म्हणाला. परीक्षेआधी आमच्याकडे शुभेच्छा अशाच देतात, आणि असंच उत्तर द्यायचं असतं.

तो आत गेला. मी दुसऱ्या रांगेत बसलो.

बाईंनी त्याला एक जुनी शोककविता दिली. पन्नासेक ओळींची. तो वाचायला लागला आणि मला कळलं की आज तो चांगला आहे. कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक होतं. बाईंनी प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. एकदा त्याने काहीतरी गंमत केली आणि बाई हसल्या. मी पहिल्यांदाच त्यांना परीक्षेत हसताना बघितलं.

मग त्यांनी विचारलं, "शेवटच्या कडव्यात बोलतंय कोण?"

तो बोलायला लागला. एक उत्तर दिलं. मग म्हणाला, नाही, तसं नाही. दुसरं दिलं. ते पहिल्याइतकं चांगलं नव्हतं. त्यालाही ते कळलं, कारण तो मधेच गप्प झाला. त्याच्या मानेवर घाम दिसत होता.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं. "अठ्ठावीस."

इव्हानो हो म्हणाला नाही. मी खोकलो. खरंच खोकलो.

"तालियाती," बाई म्हणाल्या. इतका वेळ इंग्रजी चाललं होतं, आता त्या आमच्या भाषेत आल्या. "अठ्ठावीस फार चांगले आहेत."

"ठाऊक आहे, प्रोफेसर."

"जानेवारीनंतर मी इथे नसेन."

"तेही ठाऊक आहे."

"मग?"

"जानेवारीत येतो," इव्हानो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील, सही करून टाकतील, काहीतरी. पण नियम त्यांचाही तोच. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"जानेवारीत," त्या म्हणाल्या. "पुढचं नाव."

बाहेर मी त्याच्यावर ओरडलो. अर्धा व्हरांडा ऐकत होता.

"तुला वेड लागलंय का? एक हो म्हणायचं होतं! एक शब्द!"

"हळू."

"विषय सुटला असता. पदवी हातात होती."

"कोण बोलतंय ते मला येत होतं, एलिया. पहिलं उत्तरच बरोबर होतं. मी ते मागे घेतलं. तिला वाटलं असेल, याला कळलेलंच नाही."

"तिला काय वाटलं याच्याशी तुला काय करायचंय?"

"इतकी वर्षं तीच ऐकतेय," तो म्हणाला. "शेवटचं तरी नीट ऐकवायला हवं."

मी सायकल काढली. तो शेजारून चालवत होता, त्याची कुलूप नसलेली. खानावळीकडे न्यायला मला काहीतरी थाप मारावी लागली. दारातून निव्हेस दिसली. निळा ड्रेस, केस सेट केलेले, समोर तीन ग्लास. आमचे चेहरे बघून तिला सगळं कळलं.

इव्हानो दारातच थांबला. टेबल बघितलं. ड्रेस बघितला.

"किती?" तिने विचारलं.

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

मग तिने वेटरला हात केला.

"आणा हो. जे सांगितलंय ते सगळं आणा. वाइनसकट. आज आमच्याकडे काही झालेलं नाही, ते साजरं करायचंय."

आम्ही जेवलो. चांगलं होतं सगळं. इव्हानो खाली बघून खात होता. हात धुवायला तो आत गेला तेव्हा निव्हेस मला म्हणाली, "तुला वाटतं त्याला तीस हवेत?"

"तोच म्हणतो."

"तो काहीही म्हणेल. अरे, गिऱ्हाईक रोज विचारतं, काय चाललंय? हा म्हणतो, अभ्यास चाललाय. वयाच्या विसाव्या वर्षापासून हेच एक उत्तर. विषय सुटला की काय सांगेल? म्हातारपण चाललंय?" तिने ग्लास संपवला. "भितो तो. मला आधीच कळायला हवं होतं. मी ड्रेसला इस्त्री करत बसले."

इव्हानो परत आला. त्याने निव्हेसच्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि काढून घेतला.

"ड्रेस छान आहे," तो म्हणाला.

"जानेवारीत थंडी असते," ती म्हणाली. "तेव्हा हा घालता यायचा नाही."

उन्हाळ्यात तो नेहमीपेक्षा आनंदी होता. जानेवारीपर्यंतचा वेळ त्याने प्रबंधाला दिला. परीक्षेआधीच प्रबंध तयार ठेवायचा, म्हणजे जानेवारीत विषय सुटला की मार्चमध्ये पदवी. विषय त्याने स्वतःच निवडला होता: जुने इंग्रज प्रवासी आमच्या मैदानी मुलखाबद्दल काय लिहून गेले. व्हेनिसहून निघालेले, बोलोन्याला पोचायची घाई असलेले, मधल्या आमच्या गावाला नाकं मुरडणारे. तो त्यांचे उतारे आमच्या भाषेत आणत होता आणि प्रत्येकाशी भांडत होता.

"ऐक. ही बाई म्हणते, फेरारात रस्त्यांवर गवत उगवलंय आणि माणसं दिसत नाहीत."

"दुपारी आली असेल."

"तेच तर! दुपारी दोन वाजता आली, सगळे झोपलेले. आणि जाऊन लिहिलं, शहर मेलंय."

"तू काय लिहिलंस?"

"लिहिलंय, बाईंनी संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं."

तो स्वतःवरच खूश होऊन हसला. सप्टेंबरात माझी शाळा सुरू झाली. मला लांबची शाळा मिळाली, बसने जाऊन-येऊन दिवस संपायचा. दुकानात जाणं कमी झालं. तो फोनवर म्हणायचा, शेवटचं प्रकरण आलंय, नदीवरचं, तुला वाचायला देतो, पण आधी नीट होऊ दे.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो दुकानाचं शटर वर करत होता. शटर गुडघ्यापर्यंत वर आलं होतं. धुकं होतं, समोरच्या बेकरीवालीला काही दिसलं नाही, फक्त शटर पुन्हा खाली आल्याचा आवाज ऐकू आला. तिला वाटलं, काहीतरी विसरला असेल, वर गेला असेल.

निव्हेसने मला शाळेत फोन केला. मधली सुट्टी होती. पोरं ओरडत होती. ती म्हणाली, "एलिया, इव्हानो," आणि पुढे बोलली नाही. मी तिला विचारलं, कुठल्या हॉस्पिटलात? ती म्हणाली, "कुठल्याच नाही."

मी वर्गावर गेलो आणि तास घेतला. काय शिकवलं ते मला आठवत नाही. मुलं त्या दिवशी शांत होती.

चर्च भरलं होतं. लोखंडाच्या दुकानातून सगळं गाव कधी ना कधी जातं. बोनाकोर्सी बाई शेवटच्या बाकावर होत्या. दफनभूमीच्या फाटकापाशी त्या माझ्या शेजारून चालायला लागल्या. धुक्यात त्यांच्या चष्म्यावर पाणी साचलं होतं.

"तुम्ही खोकला होतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तीस द्यायला हवे होते का, हे मी स्वतःला रोज विचारते."

मी त्यांच्यासाठी फाटक धरलं.

"पण ते अठ्ठावीसच होते," बाई म्हणाल्या. "तीस दिले असते तर त्यांना कळलं असतं. तेही त्यांनी परत केले असते. बहुतेक." थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "पहिलं उत्तर बरोबर होतं. ते मला तेव्हाच सांगता आलं असतं. आपण आकडा सांगतो. बाकी काही सांगायची आपल्याला सवय नसते."

नाताळच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं. पुस्तकांच्या पेट्या भरत होत्या. त्यांनी चौकशी केली होती. आमच्याकडे शिकता-शिकता गेलेल्याला मरणोत्तर पदवी देतात. प्रबंध पुरा व्हायला आला असेल तर राहिलेला विषय माफ होऊ शकतो. लहानसा समारंभ, कुलगुरूंची सही, घरच्यांच्या हाती पदवी. घरच्यांची हरकत नसावी, एवढंच.

"तुम्ही त्यांच्या बहिणीला विचाराल? माझ्याकडून ते बरं दिसायचं नाही."

मी दुकानावरच्या घरी गेलो. शटर बंद होतं. निव्हेस स्वयंपाकघरात होती. टेबलावर पाव होता, शिंगं न मोडलेला. मी सगळं सांगितलं. तिने हात पुसले आणि बसली.

"खरी पदवी?"

"खरी. त्याच्या नावाची. फ्रेम करता येईल अशी."

"आणि तो राहिलेला विषय?"

"तो माफ करतील."

"माफ." तिने तो शब्द तोंडात घोळवला. "कोणता आकडा लिहितील तिथे?"

"आकडा नाही लिहीत, निव्हेस."

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

"चांगले अठ्ठावीस देत होते, स्वतः जाऊन मिळवलेले, ते घेतले नाहीत त्याने," ती म्हणाली. "आणि आता मेल्यावर आकड्याशिवायचं घेईल?"

"तो नाही घेणार. तू घेशील."

"मला हवी आहे रे," ती म्हणाली. "मला फार हवी आहे. खाली काउंटरच्या मागे लावली असती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली असती. आई असती तर तिच्या नाकासमोर धरली असती. पण मागायला मी कोण? परीक्षेला मी नव्हते बसले." तिने डोळे पुसले, मग नाक. "बाईंना सांग, निव्हेस तालियाती आभारी आहे. नको म्हणाली."

मी थोडा वेळ वाद घातला. तिने ऐकून घेतलं, कॉफी ठेवली, आणि पुन्हा नको म्हणाली. तशीच, त्याच्यासारखी, आधी आभार मानून. जाताना तिने प्रबंधाचे कागद माझ्या हातात दिले. "मला यातलं इंग्रजी येत नाही. तू वाच. कुणीतरी वाचलं पाहिजे."

मी घरी येऊन वाचले. प्रबंध वाईट नाही. थोडा भांडखोर आहे. कुठे कुठे एकच गोष्ट दोनदा म्हटली आहे. बोनाकोर्सी बाईंनी तिथे पेन्सिलीने रेघ मारली असती आणि तो खूश झाला असता.

शेवटच्या प्रकरणात पो नदी आहे. पूल नव्हता त्या काळातली. एक इंग्रज कुटुंब संध्याकाळी काठावर येतं: नवरा, बायको, दोन मुली. पाऊस पडतोय. मूळ उतारा मोठा आहे. त्यात होडी येते, ते पार होतात, पलीकडच्या खानावळीत चूल विझलेली असते आणि बाईसाहेब त्यावर पानभर चिडतात. ते चिडणंच इव्हानोला हवं होतं, त्याच्यावर त्याला खूप बोलायचं होतं. समासात त्याने लिहून ठेवलंय: इथे उत्तर द्यायचं.

भाषांतर तिथवर पोचलेलं नाही. घोडे सोडले आहेत. पेट्या चिखलात उतरवल्या आहेत. धाकटी मुलगी विचारते, नदी कुठे आहे, कारण पावसात पाणी आणि आकाश वेगळं दिसत नाही. नवरा तोंडापाशी दोन्ही हात धरून नावाड्याला हाक मारतो. पलीकडे एक कंदील हलतो. पुढचं वाक्य असं सुरू होतं: 'मग त्या बाजूने'. त्यानंतर पान कोरं आहे.

मूळ वाक्य माझ्यासमोर आहे. सोपं आहे. शब्दकोश लागणार नाही. मी पेन्सिल काढली आणि बराच वेळ हातात धरली.

'मग त्या बाजूने'. तिघी पावसात उभ्या आहेत, तो हाक मारतोय, पेट्या खाली आहेत.